ट्विटर अधिग्रहण

ट्विटर अधिग्रहण : अमेरिकन उद्योगपती ईलॉन मस्क यांनी ट्विटर ही समाजमाध्यम कंपनी दर शेअरला ५४.२० डॉलर या भावाने, एकूण सुमारे ४४ अब्ज डॉलरना घेतली, तो व्यवहार आणि त्यानंतरचा त्यांचा कारभार. खरेदीचा करार २५ एप्रिल २०२२ रोजी झाला व २७ ऑक्टोबर २०२२ रोजी तो पुरा झाला. पुढे मूळ कंपनी एक्स कॉर्पमध्ये विलीन झाली आणि जुलै २०२३ मध्ये माध्यमाचे नावही ‘एक्स’ झाले. नामांतरापूर्वीच्या घटनांसाठी या नोंदीत ट्विटर हेच नाव ठेवले आहे.

ट्विटरची स्थापना २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात तिचे शेअर २६ डॉलरना विक्रीस आले. राजकारणी, पत्रकार व सरकारी कार्यालये यांच्या वापरामुळे तिचे सार्वजनिक वजन मोठे होते. धंदा त्या मानाने बेताचा. २०२१ चे उत्पन्न सुमारे ५.०८ अब्ज डॉलर असून त्यातील नव्वद टक्क्यांच्या आसपास जाहिरातींचे होते, आणि वार्षिक नफा २०१८ व २०१९ या दोनच वर्षांत झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांनी मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडले व मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर पराग अगरवाल त्या जागी आले.

आरंभाचा प्रश्न : अधिग्रहणाची सुरुवात कधीपासून धरावी, याविषयी एकमत नाही. वृत्तपत्री लेखन बहुधा डिसेंबर २०१७ पर्यंत मागे जाते. ट्विटर आपल्याला फार आवडते, असे मस्क यांनी तेव्हा लिहिले. मग विकतच घ्या, असे एकाने सुचवले. त्यावर त्यांनी किंमत विचारली. प्रसंग खरा आहे. पण पुढची चार वर्षे त्या दिशेने काहीच हालचाल दिसत नसल्याने त्याला गमतीपलीकडे महत्त्व देणे कठीण आहे.

दुसरे मत वैचारिक कारणांवर भर देते. मार्च २०२२ मध्ये ‘बॅबिलॉन बी’ या उपहासात्मक संकेतस्थळाचे खाते ट्विटरने गोठवले. २५ मार्चला मस्क यांनी ट्विटर भाषणस्वातंत्र्य खरोखर पाळते का, असा कौल घेतला, आणि सत्तर टक्क्यांहून अधिक उत्तरे नकारार्थी आली. खरेदीमागची प्रेरणा येथे शोधणारे लेखक पुष्कळ आहेत. मात्र हे मत तारखांशी जुळत नाही. शेअर बाजारातून ट्विटरचे शेअर उचलण्यास मस्क यांनी ३१ जानेवारी २०२२ पासूनच सुरुवात केली होती आणि १४ मार्चला, म्हणजे ते खाते गोठण्यापूर्वीच, त्यांचा वाटा पाच टक्क्यांवर गेला होता. भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा त्यांच्या मनात आधीपासून असू शकेल. त्या एका घटनेने खरेदीस चालना दिली, असे म्हणता येत नाही.

तिसरे मत ‘एक्स’ या अक्षरापर्यंत पोचते. मस्क यांनी १९९९ मध्ये एक्स डॉट कॉम ही ऑनलाइन बँकिंग कंपनी काढली होती. ती २००० मध्ये कॉन्फिनिटी या कंपनीत मिसळली व त्यातून पेपाल उभी राहिली. एक्स डॉट कॉम हे संकेतनाम त्यांनी २०१७ मध्ये पेपालकडून परत घेतले. पैसे, संदेश, बातम्या सारे एकाच ठिकाणी देणारे ॲप ही त्यांची जुनी कल्पना असून ट्विटर हे तिचे साधन होते, असे या मताचे लोक मानतात. ट्विटर घेतल्याने अशा सर्वसमावेशक ॲपच्या निर्मितीला वेग येईल, असे मस्क यांनी स्वतःच लिहिले आहे. पण ते ऑक्टोबर २०२२ मध्ये, व्यवहारातून सुटण्याचे प्रयत्न थकल्यानंतर. मागाहून दिलेले कारण म्हणून ते जपूनच घ्यावे लागते. कागदोपत्री पुरावा पाहता ३१ जानेवारी २०२२ हीच आरंभतिथी धरणे सोयीचे; मस्क यांच्या प्रस्तावपत्रातही अधिमूल्याचा, म्हणजे बाजारभावावरील जादा किमतीचा, हिशेब (५४ टक्के) त्या गुंतवणुकीच्या आदल्या भावावरूनच केला आहे.

प्रकटीकरणातील विलंब : अमेरिकेतील १९६८ च्या विल्यम्स कायद्यानुसार, नोंदणीकृत कंपनीचे पाच टक्क्यांहून अधिक शेअर हाती आल्यास ते जाहीर करावे लागते. त्यासाठी त्या वेळी दहा दिवसांची मुदत होती. मस्क यांच्या बाबतीत ती २४ मार्चला संपत होती. घोषणा झाली ४ एप्रिलला, आणि तीही ‘१३-जी’ या, कंपनीच्या कारभारात हात घालण्याचा हेतू नसलेल्या गुंतवणूकदारांसाठी असलेल्या नमुन्यात. दुसऱ्याच दिवशी ‘१३-डी’ हा दुसरा नमुना भरण्यात आला. वाटा ९ टक्क्यांहून थोडा अधिक होता. ४ एप्रिलला शेअरचा भाव सुमारे २७ टक्क्यांनी चढला. मुदत उलटल्यानंतर घोषणेपर्यंत मस्क यांनी ५० कोटी डॉलरहून अधिक किमतीचे शेअर घेतले व विकणाऱ्यांना निदान १५ कोटी डॉलर कमी मिळाले, असा दावा अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने १४ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टन येथील संघीय न्यायालयात केला. दहा दिवसांची मुदत आयोगाने दरम्यान, २०२३ मध्ये, पाच कामकाजाच्या दिवसांवर आणली होती.

करार : ५ एप्रिलला मस्क यांना संचालक मंडळावर जागा देऊ करण्यात आली. त्यासाठी १४.९ टक्क्यांहून अधिक शेअर न घेण्याची अट होती. त्यांनी ती जागा नाकारली व १४ एप्रिलला सगळीच कंपनी घेण्याचा प्रस्ताव मांडला. (५४.२० या आकड्यातील ‘४२०’ हा गांजाविषयीचा अमेरिकन संकेत आहे. २०१८ मध्ये टेस्ला ४२० डॉलरना खाजगी करण्याच्या ट्वीटपायी मस्क व टेस्ला यांना प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड भरावा लागला होता.) मंडळाने दुसऱ्या दिवशी ‘पॉयझन पिल’ म्हणून ओळखली जाणारी तरतूद केली : मंडळाच्या संमतीवाचून कोणी १५ टक्क्यांवर गेल्यास इतर भागधारकांना स्वस्तात नवे शेअर मिळावेत. मस्क यांनी २१ एप्रिलला पैशाची तजवीज दाखवल्यावर मात्र मंडळाचा विरोध टिकला नाही, आणि २५ एप्रिलला करार झाला.

पैशाची जुळणी तीन प्रकारची होती : मस्क यांचे स्वतःचे भांडवल (यासाठी त्यांनी टेस्लाचे शेअर अनेक वेळा विकले), ओरॅकल कंपनीचे सहसंस्थापक लॅरी एलिसन, सेक्वोया ही गुंतवणूक संस्था, बायनान्स ही कूटचलन-विनिमय कंपनी आदी सहगुंतवणूकदारांची रक्कम, आणि मॉर्गन स्टॅन्लीसह काही बँकांचे सुमारे १३ अब्ज डॉलरचे कर्ज. हे कर्ज मस्क यांच्या नव्हे, ट्विटरच्या डोक्यावर बसले. सौदी राजपुत्र अल्वलीद व डॉर्सी यांनी आपले शेअर न विकता नव्या कंपनीत वळवले.

पुढील वाद समजण्यासाठी कराराची तीन कलमे ध्यानात घ्यावी लागतात. एक, खरेदीदाराने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे तपासण्याचा नेहमीचा टप्पा सोडून दिला होता. दोन, कंपनीने दिलेली माहिती चुकीची निघाली, तरी तिच्यामुळे कंपनीवर ‘गंभीर प्रतिकूल परिणाम’ होत असेल, तरच खरेदीदारास माघार घेता येणार होती. तीन, कर्जाची रक्कम उपलब्ध असेल, तर खरेदी पुरी करण्याचा हुकूम न्यायालयाकडून मागण्याचा हक्क ट्विटरला होता. एक अब्ज डॉलर भरले की मस्क सुटतील, असे त्या उन्हाळ्यात सर्रास छापले गेले. ते बरोबर नाही : ती रक्कम ठरावीक परिस्थितीत करार मोडल्यास द्यावयाची होती, मनात आले म्हणून बाहेर पडण्याचे ते शुल्क नव्हते.

बनावट खात्यांचा वाद : जाहिरात दाखवता येईल अशा दैनिक वापरकर्त्यांत (२०२२ च्या पहिल्या तिमाहीत २२.९ कोटी) बनावट व स्पॅम खाती पाच टक्क्यांहून कमी आहेत, असे ट्विटर आपल्या अहवालांत वर्षानुवर्षे सांगत असे. १३ मे रोजी मस्क यांनी या आकड्याची खात्री होईपर्यंत व्यवहार थांबवल्याचे जाहीर केले. कंपनीची पद्धत नमुना-तपासणीची होती : रोज शंभर, म्हणजे तिमाहीत सुमारे नऊ हजार खाती माणसे डोळ्यांखालून घालत. अगरवाल यांनी १६ मे रोजी ती सविस्तर समजावली. मस्क यांचे उत्तर विष्ठेच्या इमोजीचे होते. खरा आकडा २० टक्के असावा, असे त्यांनी सुचवले. त्यांच्याच बाजूने नेमलेल्या दोन संस्थांचे अंदाज न्यायालयात उघड झाले तेव्हा ते अनुक्रमे ११ व ५.३ टक्के निघाले. त्यातही ‘एकूण खाती’ आणि ‘जाहिरात दाखवता येणारी खाती’ हे दोन वेगळे संच आहेत, ही गोष्ट वादात बहुतेकांच्या नजरेतून सुटली. पाच टक्के हा आपला अंदाज असून प्रत्यक्ष प्रमाण जास्तही असू शकेल, असे ट्विटरचे अहवाल त्याच वाक्यांच्या आसपास बजावत असत.

८ जुलैला मस्क यांनी करार रद्द करत असल्याचे कळवले. १२ जुलैला ट्विटरने डेलावेअर राज्याच्या चान्सरी न्यायालयात (कंपन्यांचे वाद चालवणाऱ्या न्यायालयात) दावा दाखल केला. तो चान्सलर, म्हणजे तेथील प्रमुख न्यायाधीश, कॅथलीन मॅकॉर्मिक यांच्यापुढे आला व १७ ऑक्टोबरपासून पाच दिवसांची सुनावणी ठरली. या न्यायालयाचा इतिहास खरेदीदाराला अनुकूल नव्हता. २००१ मध्ये टायसन फूड्सला आयबीपी ही मांसप्रक्रिया कंपनी घेण्याचा हुकूम येथेच झाला. ‘गंभीर प्रतिकूल परिणाम’ सिद्ध झाल्याने खरेदीदार सुटला, असे ठळक उदाहरण २०१८ च्या एकॉर्न–फ्रेझेनियस निकालाचे. त्यापूर्वी तसे एकही नव्हते. खुद्द मॅकॉर्मिक यांनी एप्रिल २०२१ मध्ये केकसजावटीचे साहित्य विकणाऱ्या डेकोपॅक कंपनीच्या खरेदीदारास, कोविडची सबब अमान्य करून, व्यवहार पुरा करण्यास लावले होते. ऑगस्टमध्ये ट्विटरचे माजी सुरक्षाप्रमुख पीटर झॅटको यांची सुरक्षेतील ढिलाईबाबतची तक्रार उघड झाली व मस्क यांच्या बाजूला नवा मुद्दा मिळाला. १३ सप्टेंबरला भागधारकांनी व्यवहारास मान्यता दिली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मस्क मूळ भावाने खरेदीस राजी झाले. बाजार घसरल्याने किंमत कमी करून घेण्याचा डाव फसला, येऊ घातलेली साक्ष त्यांना टाळायची होती, ‘एक्स’ची कल्पना त्यांना पुन्हा खुणावू लागली, अशी निरनिराळी कारणे दिली जातात. वरील निकालांची परंपरा पाहता हरण्याची शक्यता हे कारण एकट्यानेही पुरेसे वाटते. न्यायालयाने २८ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. २६ ऑक्टोबरला मस्क हात धुण्याचे बेसिन उचलून मुख्यालयात शिरले (इंग्रजीत ‘सिंक’ म्हणजे बेसिन आणि मनात उतरणेही, त्यावरील कोटी; छायाचित्रांमुळे हीच ताब्याची तारीख अनेकांच्या लक्षात राहिली आहे). व्यवहार पुरा झाला तो दुसऱ्या दिवशी. त्याच रात्री अगरवाल, वित्तप्रमुख नेड सीगल व विधी-धोरणप्रमुख विजया गड्डे यांना काढण्यात आले.

कारभार : ४ नोव्हेंबरला सुमारे साडेसात हजारांपैकी निम्मे कर्मचारी कमी करण्यात आले, उरलेल्यांना याच महिन्यात अतिकष्टाची तयारी दाखवा नाहीतर जा, असा पर्याय मिळाला. एप्रिल २०२३ मध्ये मस्क यांनी बीबीसीला संख्या सुमारे दीड हजार सांगितली. माध्यम बंद पडेल ही भाकिते खरी ठरली नाहीत.

निळ्या खुणेचा अर्थ बदलला, हा या काळातील सर्वांत दूरगामी फेरफार म्हणावा लागेल. पूर्वी ती खूण ओळख पटल्याची होती. ९ नोव्हेंबर २०२२ पासून ती महिना आठ डॉलरना मिळू लागली. दुसऱ्याच दिवशी इलाय लिली या औषध कंपनीच्या नावाच्या, खूणधारी बनावट खात्याने इन्शुलिन फुकट मिळणार असल्याचे जाहीर केले. योजना थांबवून डिसेंबरमध्ये पुन्हा आणली गेली व २० एप्रिल २०२३ रोजी जुन्या खुणा उतरवण्यात आल्या.

निर्बंधित खाती परत आणण्याचे धोरण सुसंगत नव्हते. डॉनल्ड ट्रम्प यांचे खाते १९ नोव्हेंबरला ५१.८ टक्क्यांच्या कौलाने परतले, तर डिसेंबरमध्ये मस्क यांच्या विमानाचा माग देणारे खाते आणि त्यावर लिहिणारे काही पत्रकार निलंबित झाले. त्यानंतर मस्क यांनी स्वतःच्या पदाबद्दल कौल घेतला; ५७.५ टक्क्यांनी पद सोडा म्हटले. जून २०२३ मध्ये लिंडा याकारिनो मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या (जुलै २०२५ पर्यंत). तांत्रिक सूत्रे मस्क यांच्याकडेच राहिली.

उत्पन्नाविषयीची नियमित आकडेवारी कंपनी खाजगी झाल्यापासून प्रसिद्ध होत नाही, आणि २०२३ पासून माध्यमावरील माहिती संशोधकांना पैसे भरूनच मिळू लागल्याने द्वेषमूलक मजकुराचे स्वतंत्र मापनही आटले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मस्क यांनी एका ज्यूविरोधी मजकुराची पाठराखण केल्यावर आयबीएम, ॲपल, डिझ्नी यांनी जाहिराती थांबवल्या. फिडेलिटी या गुंतवणूक संस्थेने आपल्या वाट्याचे मूल्य २०२४ च्या उत्तरार्धात मूळच्या तुलनेत सुमारे ७९ टक्क्यांनी कमी दाखवले. २८ मार्च २०२५ रोजी मस्क यांच्याच एक्सएआय या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीने एक्स विकत घेतली. तेव्हा कर्ज वजा जाता ३३ अब्ज डॉलर मूल्य धरले गेले. दोन्ही बाजूंना एकच मालक असल्याने हा बाजारभाव मानता येत नाही.

अमेरिकेबाहेर संघर्ष मुख्यतः मजकूर हटवण्यावरून झाला. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टअखेर ते ८ ऑक्टोबर २०२४ एक्सवर बंदी घातली. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खालील, मजकूर रोखण्याच्या सरकारी आदेशांविरुद्धची याचिका ट्विटरने मस्क यांच्यापूर्वीच, जुलै २०२२ मध्ये, केली होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी ती फेटाळून ५० लाख रुपये खर्च भरण्यास सांगितले. मजकूर हटवण्याच्या सरकारी सूचना पाठवणाऱ्या ‘सहयोग’ पोर्टलविरुद्धची एक्सची याचिकाही तेथेच सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली गेली. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या कारवाईत ५ डिसेंबर २०२५ रोजी १२ कोटी युरोंचा दंड केला. जाहिरातींच्या नोंदवहीतील उणिवा व संशोधकांना माहिती न देणे यांबरोबर त्यात विकत मिळणारी निळी खूण वापरकर्त्यांची दिशाभूल करते, हाही ठपका होता.