बाळंतपणाची वीट

२००१ साली इजिप्तमधल्या दक्षिण अबायडोसमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे जोसेफ वेगनर आणि त्यांचे सहकारी एका नगरप्रमुखाचा जुना वाडा खणत होते. तिथे त्यांना एक कच्ची वीट सापडली, इ.स.पू. १७००च्या सुमाराची. विटेवरचे रंग बरेच उडालेले असले तरी चित्र कळते: नुकत्याच जन्मलेल्या मुलाला घेऊन बसलेली आई, तिच्या दोन्ही बाजूंना मदतीच्या बायका आणि हाथोर देवीची चिन्हे. जुन्या लेखनात जिचे उल्लेख येत होते ती बाळंतपणाची वीट पहिल्यांदाच हाती लागली होती.

प्राचीन इजिप्तची बाई आडवी होऊन बाळंत होत नसे. दोन बाजूंना विटा रचून त्यांवर पाय ठेवून ती उकिडवी बसे, म्हणजे खाली सुईणीचे हात पोचायला जागा राही. ‘जन्म देणे’ या अर्थाचे त्यांचे चित्राक्षरही तसेच आहे: बसलेली स्त्री आणि तिच्या खालून बाहेर येणारे बाळाचे डोके व हात. या विटेलाच त्यांनी देवी केले. तिचे नाव मेसखेनेत. कधी ती बाईचे डोके असलेली वीट म्हणूनच रंगवलेली दिसते.

बाळंतिणीच्या खोलीत काय चाले, हे सर्वांत जिवंतपणे सांगते ती बर्लिनमधल्या एका पपायरसावर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर, लिहिलेली रेदजेदेत या बाईची गोष्ट. तिला तिळे होणार आहेत आणि वेणा सोसवत नाहीत. दाराबाहेर तिचा नवरा इतका भांबावून गेला आहे की त्याचे कमरेचे वस्त्रही उलटे झाले आहे. इसिस, नेफ्थिस, मेसखेनेत आणि बेडकाच्या रूपातली हेकेत या देवी नाचणाऱ्या बायकांचे सोंग घेऊन येतात आणि दार आतून लावून घेतात. बाळ इसिसच्या हातांत येते, त्याला धुतात, नाळ कापतात. नाव तर त्याच क्षणी ठेवले जाते. पुढे रेदजेदेत चौदा दिवस शुद्धी पाळते. गोष्ट राजांच्या जन्माची आहे, पण खोलीतली घाई आणि बाहेरच्या नवऱ्याची ती अवस्था कुठल्याही घरातली वाटते.

मूल जगेल का, ही धास्ती पहिल्या रडण्यापासूनच असे. इ.स.पू. १५५०च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या वैद्यकाच्या ग्रंथात म्हटले आहे की नवजात बाळ ‘नी’ असा आवाज काढेल तर जगेल, ‘म्बी’ म्हणेल तर जाणार. पुढच्या काळात तर नावातच भाक असे: जेदखोन्सुएफआंख, म्हणजे ‘खोन्सू (देव) म्हणाला, तो जगेल’. पाणघोड्याच्या दातांपासून केलेल्या चपट्या, बाकदार कांड्यांवर पाणघोड्याच्या रूपातली देवी तावेरेत आणि सिंहमुखी ठेंगू रक्षक कोरत. बर्लिनमध्येच असलेल्या एका मंत्रसंग्रहात आई अंधारातून येणाऱ्या भुताला विचारते, ‘या बाळाचा मुका घ्यायला आलीस का? मी घेऊ देणार नाही.’ तिने बाळाभोवती मध ठेवला आहे, जिवंतांना गोड आणि मेलेल्यांना कडू लागणारा. अवघ्या इजिप्शियन वाङ्मयात मला यापेक्षा जवळचे काही वाटत नाही.

तरीही मुले जात. लाहून गावात घरांच्या जमिनीखाली लाकडी पेट्यांत तान्ही बाळे पुरलेली सापडली. थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या देर अल-मदिना या वस्तीजवळ मुलांसाठी दफनभूमीचा वेगळा भाग होता. तिथे सगळ्यांत लहानांना रांजणांत, टोपल्यांत ठेवलेले आहे.

जगलेल्या मुलाला तीन वर्षांपर्यंत अंगावर पाजत. अनी नावाचा लेखनिक मुलाला केलेल्या उपदेशात याच तीन वर्षांची आठवण देतो आणि सांगतो की आईने दिलेल्या अन्नाच्या दुप्पट तिला परत दे. राजघराण्यात दूधआया असत आणि त्यांचा मानही मोठा असे. तुतनखामेनला पाजणाऱ्या मायाची थडगी-खोली १९९६ मध्ये सक्काऱ्यात सापडली. तिथल्या भिंतीवर राजा तिच्या मांडीवर बसलेला कोरला आहे.

अनीने सांगितलेले ऋण सगळीच मुले फेडत नसत. इ.स.पू. ११४५च्या सुमारास देर अल-मदिनाच्या नाउनाख्ते या म्हातारीने साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केले. आठ मुले मी वाढवली, त्यांचे संसार मांडून दिले. आता मी थकले तर ती माझ्याकडे बघत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. ज्याने माझ्या हातात हात दिला त्यालाच माझे मिळेल, बाकीच्यांना माझ्या वाट्यातले काही नाही. केन्हेरखेपेशेफ या मुलाला मात्र तिने इतर भावंडांपेक्षा एक वस्तू जास्तीची दिली: हातपाय धुवायचे काशाचे भांडे.