हजार पावले, हजार खांब

‘मैल’ या शब्दाच्या पोटात हजार दडलेले आहेत. रोमन मोजणीत डावा पाय पुन्हा टेकला की एक पाऊल. अशी हजार पावले म्हणजे ‘मिले पासुस’. त्याचा इंग्रजीत ‘माइल’ झाला आणि आपल्याकडे मैल. २००० साली सहस्रक साजरे करताना ब्रिटनने राष्ट्रीय सायकलमार्गांवर ओतीव लोखंडाचे हजार मैलखांब रोवायला घेतले, तेव्हा हा आकडा असा तिसऱ्यांदा जुळून आला.

अठराव्या शतकात तिथल्या टोलरस्त्यांवर मैलाचे दगड कायद्याने सक्तीचे झाले. १९४० मध्ये उलटेच घडले. जर्मन सैन्य उतरलेच तर त्याला वाट सापडू नये म्हणून दिशादर्शक पाट्या उतरवल्या गेल्या आणि कित्येक दगड पुरून टाकले.

नव्या खांबांची गरज मात्र रेल्वेमुळे पडली. १९६०च्या दशकात तोट्यातले अनेक लोहमार्ग बंद झाले आणि रुळांच्या जागी काटेरी झुडपे माजली. १९७७ मध्ये ब्रिस्टलमधल्या काही सायकलवेड्यांनी ‘सायकलबॅग’ नावाचा गट काढला. त्यांनी ब्रिस्टल ते बाथ हा जुना मार्ग टप्प्याटप्प्याने चालण्या-सायकलण्याजोगा केला. १९८६ पर्यंत २१ किलोमीटर पूर्ण झाले. याच गटातून पुढे ‘सस्ट्रान्स’ ही संस्था उभी राहिली.

अशा वाटेची एक खास अडचण असते. लोहमार्ग कधी खोदलेल्या चरातून जातो, कधी भरावावरून. भर शहरात असूनही दोन्हीकडे नुसती झाडी. दुकान नाही, गल्लीचे नाव नाही, कुठवर आलो ते कळत नाही. नुसत्या पाट्यांवर न थांबता सस्ट्रान्सने शिल्पे बसवली. ब्रिस्टलजवळ डग कॉकर यांचा नाकावर उभा राहिलेला मासा आहे. ‘माशापाशी भेटू’ म्हटले की पत्ता पुरा! इंग्लंडच्या ईशान्येला कॉन्सेटमध्ये पोलाद कारखाना १९८० मध्ये बंद पडला. तिथल्या माळावर टोनी क्रॅग यांनी थिओडोलाइट आणि लेव्हल ही मोजणीदारांची उपकरणे अवाढव्य आकारात, स्टेनलेस स्टीलमध्ये उभी केली. वाटेची खूण म्हणून वाट मोजायचेच यंत्र. मला तरी ही निवड सगळ्यांत चलाख वाटते.

१९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून ४ कोटी ३५ लाख पौंड मंजूर झाले आणि सायकलमार्गांच्या देशभरच्या जाळ्याला वेग आला. खांबांचा खर्च रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने उचलला. जॉन मिल्स, इयन मॅकॉल, अँड्र्यू रो आणि डेव्हिड डजन या चौघांनी एकेक नमुना घडवला. मिल्स यांचा खांब जीवाश्मांनी मढलेल्या झाडाच्या खोडासारखा, तर मॅकॉल यांचा कोंबड्यावर बेतलेला. खांबांवर सांकेतिक चिन्हांच्या चकत्याही बसवल्या. कागद ठेवून पेन्सिल घासली की चकतीचा ठसा उठतो आणि ठसे जमवत कोडे सोडवायचे.

बरेच खांब नुसत्या काळपट-करड्या अस्तरातच उभे राहिले. पुढे स्वयंसेवक रंगाचे डबे घेऊन निघाले. एकाच साच्यातून निघालेले दोन खांब आता रंगावरून वेगळे ओळखू येतात.