रक्तशर्करान्यूनता व दुचाकी वाहनचालन

इन्शुलिन किंवा इन्शुलिनचा स्राव वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींच्या रक्तातील ग्लुकोज दुचाकी चालवताना धोक्याच्या पातळीपर्यंत घटणे, तसेच ते टाळण्याचे व सावरण्याचे उपाय. वैद्यकात या अवस्थेला हायपोग्लायसेमिया, तर बोलण्यात ‘शुगर लो होणे’ म्हणतात. इन्शुलिनचा स्राव न वाढवणारी मेटफॉर्मिन ही एकच गोळी घेणाऱ्यांत ती क्वचितच आढळते.

ही अवस्था प्रामुख्याने उपचारातून उद्‌भवते, हे वैद्यकाला इन्शुलिनमुळे कळले. टोरांटो येथे १९२१ मध्ये इन्शुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला टोचण्यात आले. १९२४ मध्ये अमेरिकन वैद्य सील हॅरिस यांनी, इन्शुलिन न घेणाऱ्यांतही तशीच लक्षणे दिसू शकतात, हे दाखवले. गोळ्यांचा इतिहास अधिक वादाचा आहे. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेल्ये येथे विषमज्वराच्या रुग्णांवर एका सल्फा औषधाचा प्रयोग चालू असताना त्यांची रक्तशर्करा घसरत असल्याचे मार्सेल झाँबाँ यांच्या लक्षात आले. ओग्यूस्त लुबातियेर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून त्यामागे स्वादुपिंडाचा हात असल्याचे सिद्ध केले. शोधाचे श्रेय कोणी एकाला देतात, कोणी दुसऱ्याला. निरीक्षण झाँबाँ यांचे आणि कार्यकारणभाव लुबातियेर यांचा, ही विभागणी अधिक न्याय्य वाटते. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या सल्फोनिलयुरिया गोळ्या याच वंशातल्या असून भारतात सर्रास दिल्या जातात.

साखर ‘कमी’ कधी म्हणायची, यावर एकमत झालेले नाही. अमेरिकन मधुमेह संघटनेने २००५ मध्ये प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅम ही सीमा सुचवली. ती फार वरची आहे, निरोगी माणसाची साखरही उपाशीपोटी तिच्या आसपास जाते, असा आक्षेप प्रामुख्याने युरोपातून आला. २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने औषधचाचण्यांसाठी ५४ मिलिग्रॅमखालची पातळी गंभीर मानावी, असे म्हटले. हल्ली ७० ही सावधतेची व ५४ ही धोक्याची पायरी समजतात. वाहनचालकाने मात्र दोन्हींहून वरचा आकडा धरलेला बरा. व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनियल कॉक्स व सहकाऱ्यांनी पहिल्या प्रकारच्या मधुमेहींना नकली मोटारीत बसवून चाचण्या घेतल्या. १९९३ च्या अभ्यासात सुमारे ४७ मिलिग्रॅमला चालन बिघडलेले दिसले. २००० च्या अभ्यासात मात्र ७२ च्या खालीच बिघाड सुरू झाला. आपली गाडी भरकटते आहे, याची जाणीव सर्वांनाच नव्हती.

मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के असले, तरी विश्रांतीत तो सुमारे एक पंचमांश ऊर्जा वापरतो आणि त्यासाठी मुख्यतः ग्लुकोजवरच विसंबतो. साखर घसरू लागली की सामान्यतः आधी ॲड्रेनॅलिनची लक्षणे येतात : दरदरून घाम, थरथर, धडधड, खवळलेली भूक. मग विचार मंदावतो, अंतराचा अंदाज चुकतो. दुचाकीवर नेमकी ही पहिली सूचनाच हरवते. हेल्मेट व जाड जाकिटात घाम एरवीही येतो, हँडलच्या कंपनात हाताची थरथर मिसळून जाते आणि घाटातल्या वळणांवर धडधडण्याला दुसरे कारण सहज सापडते. रक्तदाब वा हृदयविकारासाठी बीटा-ब्लॉकर औषधे घेणाऱ्यांत धडधड व थरथर दबते, घाम तेवढा उरतो. साखर वारंवार उतरत असेल, तर शरीर इशारा देणेच कमी करते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता निघण्याआधी आकडा पाहणे हा यातला मुख्य नियम होय. उपवासाच्या दिवशी नेहमीची गोळी घेऊन लांबचा पल्ला मारणे किंवा इन्शुलिन टोचून ‘पुढच्या ढाब्यावर जेवू’ म्हणणे, या नित्याच्या चुका. उन्हाने त्वचा तापली की टोचलेले इन्शुलिनही लवकर शोषले जाते.

ब्रिटनमधील नियम सर्वांत स्पष्ट असून मोटारसायकल तेथे मोटारीच्याच गटात मोडते. इन्शुलिन घेणाऱ्याने प्रवासाआधीच्या दोन तासांत व पुढे दर दोन तासांनी साखर तपासायची. प्रति लिटर ५ मिलिमोल, म्हणजे प्रति डेसिलिटर सुमारे ९० मिलिग्रॅम, याखाली असल्यास काही खाऊन घ्यायचे. ४ च्या खाली असल्यास वाहन चालवायचे नाही. साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे थांबायचे, कारण मेंदू आकड्याच्या मागून सावरतो. भारतात परवान्याच्या नमुना १ मधील स्वयंघोषणेत अपस्मार, अचानक शुद्ध हरपणे व घेरी यांविषयी विचारलेले असते.

लक्षण जाणवताच गाडी कडेला घेऊन, स्टँड लावून किल्ली काढावी आणि १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. चॉकलेटमधील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. जलसंजीवनी तर येथे जवळजवळ निरुपयोगी : जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तिच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असते, म्हणजे पेलाभर पिऊन तीन ग्रॅमही मिळत नाही. वोग्लिबोज वा अकार्बोज घेणाऱ्यांनी विशेष जपावे. ही औषधे आतड्यात ऊससाखरेचे विघटन रोखत असल्याने त्यांना साखर, गूळ किंवा रसवंतीतला रस वेळेवर उपयोगी पडत नाही. ग्लुकोज पावडरच हवी. पुडी जाकिटाच्या वरच्या खिशात, हातमोज्यासकट हात पोचेल अशी ठेवावी. इन्शुलिन व तपासणीच्या पट्ट्या मात्र डिकीत ठेवू नयेत, तेथे त्या तापतात. ग्लुकोज चिकटलेल्या बोटाने तपासल्यास आकडा खोटा चढा येतो. साखर सतत मोजण्यासाठी दंडावर चिकटवलेला संवेदक पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो व रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. झपाट्याने घसरणाऱ्या साखरेत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

सल्फोनिलयुरियामुळे उतरलेली साखर चढून पुन्हा उतरू शकते, ग्लिबेनक्लामाइडमध्ये तर कित्येक तासांनीही. अशा वेळी ४५ मिनिटे अपुरी असून उरलेला प्रवास दुसऱ्या कोणी चालवलेल्या वाहनाने करणे योग्य.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी वा साखर घालू नये, ती श्वासनलिकेत जाते. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ग्लुकागॉन या साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाचे इंजेक्शन यकृतातील साखरेचा साठा मोकळा करते, पण दीर्घ उपवासानंतर किंवा मद्यपानानंतर तो साठाच आटलेला असल्याने त्याचा गुण कमी येतो. अडखळते बोलणे व झोकांड्या पाहून बघ्यांना दारूचा संशय येतो आणि उपचारास उशीर होतो. त्यामुळे मधुमेह व औषधांची नोंद असलेले कार्ड परवान्याशेजारीच ठेवण्याचा सल्ला दिला जातो.