आयरिश व्हिस्की

आयर्लंड बेटावर धान्य आंबवून, गाळून आणि तिथेच लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरवून केलेले मद्य. बेट म्हटले की आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड दोन्ही आले. या नावापुरती तिथली सरहद्द मोजत नाहीत. बाटलीत मद्यार्क ४० टक्क्यांहून कमी चालत नाही, पीप ७०० लिटरपेक्षा मोठे चालत नाही आणि गाळताना मद्यार्क ९४.८ टक्क्यांच्या खालीच थांबवावा लागतो. त्यापुढे गेले तर धान्याची चव उरत नाही, नुसते स्पिरिट हाती लागते. १९८० चा आयरिश व्हिस्की कायदा आणि २०१४ ची तांत्रिक नियमावली यांनी या अटी घालून दिल्या आहेत. गोव्याच्या फेणीला भारतात जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे या नावाला युरोपीय संघात आहे. भारतात मळीच्या स्पिरिटपासून केलेले पेयही व्हिस्की म्हणून विकले जाते. आयर्लंडमध्ये धान्याशिवाय हे नाव लावता येत नाही.

नाव गेलिक भाषेतल्या ‘इश्के बाहा’, म्हणजे जीवनाचे पाणी, या शब्दांवरून आले. आयरिश लोक इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ई’ जास्त लिहितात, स्कॉटिश लोक लिहीत नाहीत. देवनागरीत हा फरक दाखवताच येत नाही.

कायद्याने चार प्रकार मानले आहेत : पॉट स्टिल, मॉल्ट, ग्रेन आणि ब्लेंडेड. यांतले शेवटचे तीन इतर देशांतही होतात. पॉट स्टिल हा प्रकार मात्र आयर्लंडचा स्वतःचा आहे आणि आयरिश व्हिस्की समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

पॉट स्टिल व्हिस्की. नावावरून वाटते की सारे वैशिष्ट्य हंड्यात असावे, कारण पॉट स्टिल म्हणजे ज्यात मद्य गाळतात तो तांब्याचा हंडा. पण मॉल्ट व्हिस्कीही तशाच हंड्यात गाळतात. खरा फरक धान्यात आहे. इथे मोड आणलेला आणि न आणलेला असा दोन्ही प्रकारचा सातू (बार्ली) एकत्र शिजवतात. प्रत्येकाचे प्रमाण किमान ३० टक्के असावे लागते. ओट, राय (गव्हासारखे एक धान्य) अशी इतर धान्ये मिळून ५ टक्क्यांपर्यंत चालतात.

मोड का आणायचे, हे नाचणीचे सत्त्व केलेल्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. भिजवलेल्या दाण्याला मोड फुटतो तेव्हा दाण्यातल्या पिष्ठाची साखर करणारी विकरे तयार होतात. म्हणूनच मोडाच्या नाचणीची पेज गोडसर आणि पातळ लागते. सातूचेही तेच. मोड हवा तेवढा आला की गरम हवेने दाणा वाळवून त्याची वाढ थांबवतात. या वाळवलेल्या सातूला मॉल्ट म्हणतात. कच्च्या सातूत पिष्ठ भरपूर असते, पण विकरे पुरेशी नसतात. दोन्ही भरडून गरम पाण्यात कालवले की मॉल्टची विकरे कच्च्या दाण्याच्या पिष्ठाचीही साखर करून टाकतात.

हे काम दिसते तितके सोपे नाही. कच्चा सातू दगडासारखा टणक, भरडायला अवघड. पाण्यात पडला की तो चिकट, दाट लापशी करतो, तिच्यातून गोड पाणी निथळून घेताना कामगारांचा कस लागतो. तरीही हा त्रास पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेला, याला कारण कर. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने मॉल्टवर चढा कर लावला होता. कच्च्या सातूवर तो नव्हता. कच्चे धान्य त्याआधीही वापरात होते, पण करामुळे त्याचे प्रमाण वाढले आणि मोठ्या भट्ट्यांची ती रीतच होऊन बसली. पुढे करांचे स्वरूप बदलले तरी रीत टिकली, कारण तोवर लोकांना त्या चवीची गोडी लागली होती. पॉट स्टिल व्हिस्की जिभेवर सायीसारखी पसरते आणि मागून मिरी, लवंग, सुंठ यांची आठवण देणारा तिखटपणा येतो. जिभेवरचा तो दाटपणा आणि मागचा तिखटपणा दोन्ही कच्च्या सातूची देणगी आहेत. कर चुकवण्याच्या खटाटोपातून एका देशाची चव घडावी, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण वाटते.

तीनदा गाळणे. निथळलेले गोड पाणी थंड करून त्यात यीस्ट घालतात. दोन-तीन दिवसांत ते आंबून कडक बिअरइतक्या, साधारण ८ ते १० टक्के मद्यार्काचे होते. याला वॉश म्हणतात. पुढचा भाग गोव्यातली काजूची भट्टी पाहिलेल्याला ओळखीचा वाटेल. तिथे आंबवलेला रस एकदा गाळला की सौम्य उर्राक मिळते आणि पुन्हा गाळला की फेणी. आयर्लंडमध्ये पहिल्या हंड्यातून उर्राकीसारखे सौम्य ‘लो वाइन्स’ निघतात, दुसऱ्यातून त्याहून कडक द्रव आणि तिसऱ्यातून पक्के स्पिरिट. त्याचा मद्यार्क बहुधा ८० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असतो; दोनदा गाळलेल्या स्कॉच मॉल्टचा ७० च्या आसपास.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिची वाहवा होते, तिला या भट्टीत जागा नाही. तिसऱ्या हंड्याची सुरुवातीची धार उग्र असते, ती बाजूला काढतात. शेवटची धार ओल्या पुठ्ठ्यासारखी वास मारू लागते, तीही बाजूला. मधली तेवढी पिंपात जाते. बाजूला काढलेले फेकत नाहीत, पुढच्या खेपेत पुन्हा हंड्यात घालतात. मधली धार कुठे सुरू करायची आणि कुठे तोडायची, यावर भट्टीची ओळख ठरते. थोडे आधी तोडले तर व्हिस्की हलकी होते, थोडे उशिरा तोडले तर तेलकट आणि जड.

तीनदा गाळणे ही आयर्लंडची ओळख मानली जाते, मात्र कायद्यात तशी सक्ती नाही. १९८७ मध्ये उद्योजक जॉन टीलिंग यांनी लाउथ परगण्यात बटाट्यापासून अल्कोहोल करणाऱ्या जुन्या कारखान्यात कूली ही भट्टी सुरू केली. तिथे दोनदाच गाळत. कूलीने कॉनेमारा नावाची, पीटच्या (दलदलीत कुजून साचलेल्या वनस्पतींच्या जळणाच्या) धुराची व्हिस्कीही बाजारात आणली. आयरिश व्हिस्कीला धुराचा वास नसतो ही समजूत तेव्हापासून सैल झाली.

मॉल्ट. सगळा सातू मोड आणलेला, गाळप तांब्याच्या हंड्यात. एकाच भट्टीची असेल तर ती सिंगल मॉल्ट. अँट्रिम परगण्यातली बुशमिल्स ही या प्रकारातली जुनी जाणती भट्टी. इथले मॉल्ट तीनदा गाळलेले, हलके आणि फळांच्या वासाचे असते. बाटलीवर १६०८ हे साल दिसते ते त्या भागात गाळपाचा परवाना दिल्याचे साल आहे. कंपनीची नोंदणी १७८४ ची.

ग्रेन आणि ब्लेंडेड. ग्रेन व्हिस्की बहुतेक मक्याची असते, त्यात मॉल्ट ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ती हंड्यात न गाळता उंच स्तंभात अखंड गाळतात. हा स्तंभ घडवणारा माणूस आयर्लंडच्याच अबकारी खात्यातला होता. एनिअस कॉफी यांनी नोकरी सोडल्यावर १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. स्वस्त, भरपूर, हलके मद्य देणारे हे यंत्र स्कॉटलंडने उचलले. डब्लिनच्या मोठ्या घराण्यांनी नाकारले, कारण त्यातून निघणारे मद्य त्यांच्या लेखी व्हिस्कीच नव्हते. १८७८ मध्ये जॉन जेमसन, विल्यम जेमसन, जॉन पॉवर आणि जॉर्ज रो या चार घराण्यांनी तसे पुस्तकच काढले. १९०९ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कमिशनने निर्णय उलटा दिला : स्तंभातली तीही व्हिस्कीच.

चवीच्या बाबतीत डब्लिनकरांचे म्हणणे चुकीचे नव्हते, असे माझे मत. पण बाजार ब्लेंडकडे, म्हणजे ग्रेन मिसळलेल्या व्हिस्कीकडे, वळला होता. त्यात अमेरिकेची दारूबंदी (१९२० ते १९३३), स्वातंत्र्यानंतर ब्रिटनशी झालेले व्यापारयुद्ध (१९३२ ते १९३८) असे घाव एकामागोमाग बसले आणि भट्ट्या बंद पडत गेल्या. १९६६ मध्ये जेमसन, पॉवर आणि कॉर्कच्या कंपनीने एकत्र येऊन आयरिश डिस्टिलर्स स्थापन केली. १९७२ मध्ये बुशमिल्सही त्यात आली. १९७५ पासून दक्षिणेचे, म्हणजे प्रजासत्ताकातले, सारे गाळप कॉर्क परगण्यातल्या मिडलटनच्या नव्या कारखान्यात होऊ लागले. शेजारच्या १८२५ च्या जुन्या भट्टीत ३१,६१८ गॅलनचा, म्हणजे सुमारे १,४३,७०० लिटरचा तांब्याचा हंडा अजून उभा आहे. इतका मोठा पॉट स्टिल जगात दुसरा झाला नाही.

आजची जेमसन ही पॉट स्टिल आणि ग्रेन यांचे मिश्रण आहे, म्हणजे ब्लेंडेड. जगभर आयरिश व्हिस्की म्हणून सर्वांत जास्त हीच प्यायली जाते.

पीप आणि ठिपके. गाळून निघालेले मद्य पाण्यासारखे पारदर्शक असते. रंग येतो तो मुख्यतः लाकडातून. सर्वाधिक पिंपे अमेरिकेतून येतात, बर्बन ही तिथली मक्याची व्हिस्की काढून रिकामी झालेली, साधारण २०० लिटरची. त्यांतून व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास उतरतो. स्पेनच्या शेरी या वाइनची पिंपे मनुका-अंजिराकडे झुकणारी चव देतात. कायदा ‘लाकूड’ म्हणतो, ओकच हवा असे म्हणत नाही. म्हणून मिडलटनमध्ये चेस्टनट, अकेशिया, चेरी यांच्या पिंपांचेही प्रयोग झाले. मुरताना दर वर्षी सुमारे २ टक्के मद्य हवेत उडून जाते. गोव्याच्या उष्ण हवेत सिंगल मॉल्ट मुरवणाऱ्यांना याच्या कितीतरी पट तूट सोसावी लागते.

पूर्वी अनेक भट्ट्या माल पिंपानेच विकत. व्यापारी तो आपल्या तळघरात मुरवून स्वतःच्या नावाने बाटलीत भरत. डब्लिनच्या मिचेल घराण्यात पिंपावर रंगाचा ठिपका मारण्याची पद्धत होती : सात वर्षांसाठी निळा, दहासाठी हिरवा, बारासाठी पिवळा, पंधरासाठी लाल. ग्रीन स्पॉट हे नाव त्या हिरव्या ठिपक्याचे. पडत्या काळात ग्रेन न मिसळलेली पॉट स्टिल व्हिस्की जेमतेम तग धरून राहिली, ती ग्रीन स्पॉट आणि रेडब्रेस्टसारख्या मोजक्या बाटल्यांत. त्यांच्यावर पूर्वी ‘प्युअर पॉट स्टिल’ असे लिहिलेले असे. २०११ च्या सुमारास ‘प्युअर’च्या जागी ‘सिंगल’ आले.

२०१० मध्ये बेटावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या भट्ट्या होत्या, आज चाळिसांहून अधिक आहेत. त्यांतल्या काहींनी एकोणिसाव्या शतकातल्या पाककृती पुन्हा करून पाहिल्या, तेव्हा ५ टक्क्यांची अट आडवी आली, कारण त्या काळच्या मिश्रणांत ओट, गहू, राय याहून बरेच जास्त असत. वॉटरफर्ड परगण्यातल्या ब्लॅकवॉटरसारख्या भट्ट्या जुन्या प्रमाणाने गाळतात आणि मर्यादा वाढवण्याची मागणी लावून धरतात. नियमावलीच्या प्रमाणात न बसणाऱ्या अशा बाटलीवर ‘आयरिश व्हिस्की’ लिहिता येते, ‘पॉट स्टिल’ लिहिता येत नाही.