कापरेकर संख्या वेगळी, कापरेकर स्थिरांक वेगळा

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या नावावर दोन गोष्टी आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक; ती कापरेकर संख्या नव्हे. १४२८५७ ही कापरेकर संख्या. ती स्थिरांक नव्हे.

कापरेकर संख्येची कसोटी वर्गावर चालते. वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की मूळ संख्या परत यावी. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडून सहा अंक मोजून तोडा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. चूक होते ती डावीकडून सहा अंक मोजल्यामुळे. मग २०४०८१ + २२४४९ = २२६५३० येतात आणि संख्याच खोटी वाटू लागते. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर हा वर्ग मावत नाही, तेव्हा तो कागदावरच करा.

हे का जुळते? १४२८५७ × ७ = ९९९९९९, आणि एकने लहान असलेली १४२८५६ म्हणजे ७ × २०४०८. म्हणून १४२८५७ × १४२८५६ = ९९९९९९ × २०४०८. म्हणजेच वर्गातून मूळ संख्या वजा केली की ९९९९९९ ची बरोबर २०४०८ पट उरते, आणि डावा तुकडाही तोच. वर्ग म्हणजे डाव्या तुकड्याची ९९९९९९ पट अधिक दोन्ही तुकड्यांची बेरीज, म्हणून ती बेरीज मूळ संख्याच. दहा लाखातून १४२८५७ वजा केल्यावर उरणारी ८५७१४३ हीसुद्धा कापरेकर संख्या आहे: ७३४६९४ + १२२४४९. तिला ८५७१४२ समजू नका. ती १४२८५७ ची सहापट. तेच अंक फिरून येतात, पण ही कसोटी ती पार करत नाही.

स्थिरांकात वर्गाचा संबंधच नाही. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करत राहा. सगळे अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते: ७६४१ − १४६७ = ६१७४. इथे घात करते ते शून्य. २१११ − १११२ = ०९९९. हे ९९९ लिहिले तर पुढची वजाबाकी शून्य. ९९९० − ०९९९ केली तर ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४.

आता हीच कृती १४२८५७ वर करून पाहा: ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२. शेवटच्या संख्येत मूळचेच अंक आहेत, त्यामुळे पुन्हा ७५०८४३. सात संख्यांचा हा फेरा कधी सुटत नाही. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या स्वतःवरच थांबणाऱ्या संख्या आहेत; १४२८५७ त्या दोघींपर्यंत पोहोचतच नाही. फेऱ्यातले सात आणि १४२८५७ × ७ मधले सात यांत मात्र नाते शोधू नये.