उतारावरचं पाणी पट्ट्यापट्ट्यांनी का उतरतं?

जोराचा पाऊस ओसरला की आमच्या सोसायटीच्या रॅम्पवर एक गंमत दिसते. सिमेंटवरून जेमतेम अर्धा सेंटिमीटर पाणी वाहत असतं, पण ते सरळ वाहत नाही. आडव्या पट्ट्या एकामागून एक खाली धावतात, पुढची कड उभी आणि फेसाळ, मागची बाजू लांब उतरती. त्यात सुकलेलं पान सोडलं की पट्ट्या पानाला मागे टाकून पुढे जातात. म्हणजे लाट पाण्यापेक्षा वेगाने पळते! अशाच एका व्हिडिओखाली 'पृथ्वी श्वास घेतेय' असं लिहून कुणीतरी फॉरवर्ड पाठवला होता. आणखी एकाने वाऱ्याला दोष दिला. वारा तर तेव्हा पडलेला असतो.

खरी गोष्ट दोन वेगांच्या शर्यतीची आहे. समजा, पाण्याचा थर एका जागी किंचित जाड झाला. जाड थराला तळाचं घर्षण त्या मानाने कमी जाणवतं, म्हणून तिथलं पाणी वेगाने पळतं. खवळलेल्या प्रवाहात वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वाहून जाणारं पाणी म्हणजे खोली गुणिले वेग, म्हणजेच खोलीचा दीड घात. त्यावरून असं निघतं की हा फुगवटा पाण्याच्या दीडपट वेगाने खाली सरकतो. (गणिताचा कंटाळा असेल तर एवढा 'दीड' लक्षात ठेवा, बाकी सोडून द्या.)

दुसरा धावपटू गुरुत्वाकर्षण. फुगवटा सपाट करायचं काम त्याचं. त्याची 'बातमी', म्हणजे फुगवटा सपाट करणारी छोटी लाट, पाण्यात, पाण्याच्या सापेक्ष, g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) गुणिले खोली यांच्या वर्गमुळाइतक्या वेगाने पसरते. पाणी संथ असेल तर बातमी फुगवट्याच्या पुढे पोहोचते आणि तो विरून जातो. पण फुगवट्याने बातमीलाच गाठलं, तर पाठीमागून पाणी येऊन साठत राहतं आणि लाट वाढतच जाते. पाण्याचा वेग भागिले बातमीचा वेग याला फ्राउड अंक म्हणतात. दीडपट वेगातला जास्तीचा अर्धा भाग बातमीच्या वेगाहून मोठा झाला, म्हणजे हा अंक 2 च्या वर गेला, की लाटा. ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी ही अट 1925 मध्ये मांडली. अर्धा सेंटिमीटर खोलीला बातमीचा वेग सेकंदाला सुमारे 22 सेंटिमीटर येतो. म्हणजे पाणी सेकंदाला 44 सेंटिमीटरहून जोरात वाहायला हवं, आणि आमच्या रॅम्पवर ते सहज वाहतं.

मला खरा आनंद पुढच्या भागाचा वाटतो. पाण्याच्या जागी काचेचे मणी ओता. दाट वाहणाऱ्या मण्यांचा वेग खोलीच्या दीड घाताने वाढतो, त्यामुळे फुगवटा अडीचपट वेगाने पळतो. जास्तीचा वाटा दीड, म्हणून उंबरठा 2 वरून थेट दोन तृतीयांशावर येतो. फ्रान्समध्ये फोर्तेर आणि पुलिकाँ या संशोधकांनी 2003 मध्ये उताराच्या वरच्या टोकाला लाउडस्पीकर लावून मण्यांच्या प्रवाहाला मुद्दाम हलके धक्के दिले आणि खाली जाता जाता ते किती वाढतात ते मोजलं. उंबरठा जवळपास तिथेच सापडला. पाण्याला शोभणारा नियम कोरड्या कणांनीही पाळला, फक्त घर्षणाचं सूत्र बदललं.

डोंगरातून चिखल आणि दगडगोटे घेऊन येणारे लोंढेही असेच टप्प्याटप्प्याने येतात. चीनच्या युन्नान प्रांतातल्या जियांगजिया घळीत एकाच वेळच्या प्रवाहात असे दहा-वीस नव्हे, शंभराच्या घरात लोंढे मोजले गेले आहेत. मध्ये मध्ये घळ जवळपास थांबलेली दिसते. तिथे गाळाचा अडथळा साचणं आणि फुटणं हेही कारण असतं, सगळं श्रेय आपल्या शर्यतीला देता येत नाही. पण पहिला लोंढा ओसरल्यावर पाहायला खाली उतरलेल्या माणसासाठी मागून येणारा दुसरा, कारण कोणतंही असो, सारखाच घातक असतो.