शॉकअपवर तेल मारू नका

पावसाळा सरला की साताऱ्यातल्या वॉशिंग सेंटरवर जीपवाल्यांची रांग लागते. गाडी धुऊन झाली की खालून जुन्या इंजिन ऑईलचा फवारा मारून घ्यायचा, म्हणजे गंज धरत नाही, हा सगळ्यांचा ठाम समज. चॅसीला त्याचा थोडाफार उपयोग होतोही. पण शॉकअपला, म्हणजे चाकाजवळच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरला, पत्र्याचं टोपण नसेल, तर तोच फवारा त्याच्या चकचकीत रॉडवर बसतो आणि तिथे निव्वळ नुकसान करतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांकडच्या कच्च्या वाटेने एक फेरी मारा आणि रॉडवरून बोट फिरवा. जांभ्याची लाल धूळ आणि तेल यांचा खरखरीत लेप बोटाला लागेल.

शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. ते काम पाट्यांचं किंवा स्प्रिंगचं. स्प्रिंग दबून उसळते, ती उसळी शॉकअप जिरवतो. रॉडला जोडलेला आतला पिस्टन बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावला तर चटका बसतो, तो यामुळे.

पण रॉड सारखा आतबाहेर करत असताना तेल आत टिकतं कसं? ही करामत ऑईल सीलची, म्हणजे रॉड जिथून बाहेर येतो तिथल्या रबरी कड्याची. सीलची रॉडला टेकणारी रबरी धार दोन्ही बाजूंनी सारखी नसते. तेलाकडची बाजू खडी, हवेकडची सावकाश उतरती. रॉड बाहेर येताना खडी बाजू तेल खरवडून घेते. उरतो तो एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ थर. रॉड आत जाताना हाच थर उतरत्या बाजूखाली ओढला जातो, अरुंद होत जाणाऱ्या फटीत त्याचा दाब वाढतो, धार किंचित उचलली जाते आणि तेल परत आत शिरतं. कालथा उभा धरला तर तवा खरवडतो, आडवा धरला तर वरून घसरतो, तसंच हे. ना पंप, ना झडप. दोन उतारांमधल्या फरकावर सगळं चालतं. हा थर लागतोच, नाहीतर रबर कोरडं घासून झिजेल. म्हणून रॉड सीलजवळ जरा ओलसर दिसला तर घाबरू नये.

आता त्या खरखरीत लेपाकडे येऊ. रॉडवरचा हार्ड क्रोमचा मुलामा खूप कठीण असतो, त्यामुळे धूळ रॉडला सहजी ओरखडत नाही. ती मऊ रबरात रुतते. समजा धारेला 1 मिलिमीटर रुंदीची खाच पडली आणि तिथून दर खेपेला 1 मायक्रॉन जाडीचं तेल जादा सुटलं. रॉडची हालचाल 20 मिलिमीटर धरली, तर एका खेपेला 0.02 घन मिलिमीटर तेल गेलं. खराब रस्त्यावर चाक सेकंदाला दहाएक वेळा थरथरतं, म्हणजे तासाला 36,000 खेपा आणि 0.72 मिलिलिटर तेल. अशा 100 तासांत 72 मिलिलिटर! शॉकअपमध्ये तेल असतं पाव लिटरच्या आसपास. तेल घटलं की त्यात हवा मिसळते, फेस होतो आणि फेसाला छिद्रातून जायला काहीच कष्ट पडत नाहीत. गाडी झोके खाऊ लागते.

डोंगरात शॉकअप वारंवार जातात म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधणारे आहेत. शॉकअप कुणाच्या नजरेने जात नाही. तो जातो सीलमध्ये रुतलेल्या कणाने किंवा रॉडवर आदळलेल्या दगडाने. दगडाच्या टोच्याने रॉडवर खाच पडते, तिची कड वर येते आणि ती दर खेपेला रबर कापते. क्रोमचा थर फुटलाच तर खालचं पोलाद गंजतं, मग गंजाची धार वेगळी.

तेव्हा टोपण किंवा रबरी बूट असेल तर काढू नका, फाटलं तर बदला. बाजारात मिळणाऱ्या कापडी बाह्या दगड अडवतात हे खरं, पण ‘धूळमुक्त’ ही जाहिरात खोटी. आत शिरलेला चिखल तिथेच कोंडतो, म्हणून चिखलातून आल्यावर त्या सोडून धुवायला हव्यात. सांगलीकडची काळी माती तर वाळायच्या आतच साध्या पाइपाने धुवावी. प्रेशरचा फवारा सीलवर रोखला तर पाणी आणि कण दोन्ही आत घुसतात. रॉड पुसून कोरडा ठेवा. डिझेल, ऑईल नको. त्याने टोकांचे नैसर्गिक रबराचे बुशही फुगतात. रॉडवरून नख फिरवताना खाच लागली तर फिटरकडून तिची वर आलेली कड बारीक पॉलिश पेपरने मारून घ्या, म्हणजे सील बदलायची वेळ बरीच पुढे जाते.